मौनाचे निदान : हार्लेम व शिकागो येथील किशोर-मानसोपचाराची भाषिक समीक्षा

१

वैद्यकाच्या सर्व शाखांत भाषेवर सर्वांत अधिक विसंबणारी शाखा म्हणजे मानसोपचार होय. ज्वर तापमापकाने मोजता येतो, अस्थिभंग क्ष-किरणांच्या साह्याने पाहता येतो. खिन्नता, भय, जगण्याचा वीट यांची वार्ता मात्र बहुतांशी रुग्णाच्याच मुखातून वैद्याच्या कानी यावी लागते. साहजिकच जो रुग्ण बोलत नाही त्याच्यापुढे हे शास्त्र अडखळते, आणि अडखळलेले शास्त्र पुष्कळदा आपली अडचण रुग्णाच्या नावावर मांडते. ‘मुलगा बोलत नाही’ या निरीक्षणाचे ‘मुलाला बोलता येत नाही’ या निष्कर्षात, आणि पुढे ‘मुलाला बोलायचेच नाही’ या आरोपात रूपांतर केव्हा झाले, हे निरीक्षकाच्याही ध्यानात येत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय मुलगे, तसेच मेक्सिको, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक इत्यादी प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांतील, म्हणजे तेथील परिभाषेत लॅटिनो मुलगे, यांच्याविषयी हे रूपांतर वारंवार घडलेले आहे. त्या देशात प्रचलित असलेल्या मनोविकारांच्या वर्गीकरणात किशोरवयीनांचा चिडखोरपणा हे खिन्नतेचे लक्षण म्हणून मान्य झालेले आहे. तथापि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांची वागणूक वर्तनविकाराच्या सदरात पडण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या तुलनेने अधिक असल्याचे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. एकाचे लक्षण दुःख म्हणून वाचले जाते, दुसऱ्याचे उपद्रव म्हणून. या वाचनाची किंमत लहान नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार १० ते २४ वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय व्यक्तींतील आत्महत्येचे प्रमाण २०१८ साली दर लाखामागे ८.२ होते, ते २०२१ साली ११.२ झाले, म्हणजे तीन वर्षांत ३६.६ टक्क्यांची वाढ झाली. हे आकडे मुलगे व मुली या दोहोंचे मिळून आहेत.

या स्थितीवर उपाय म्हणून ‘समुदायाधिष्ठित मानसिक आधार’ ही कल्पना पुढे येते. रुग्णालयात न येणाऱ्या मुलापर्यंत त्याच्या शाळेत, प्रार्थनामंदिरात, केशकर्तनालयात जाऊन पोचावे, असा तिचा सामान्य आशय आहे. कल्पना स्तुत्य आहे. परंतु तिच्या नावाखाली चालणाऱ्या उपक्रमांनी उपचाराची केवळ जागा बदलली, की बोलण्याची परिस्थितीच बदलली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो मूलतः भाषाविज्ञानाच्या कक्षेतील प्रश्न असल्यामुळे त्याची चिकित्सा भाषाविज्ञानाच्या अंगाने करणे इष्ट ठरते.

२

या चिकित्सेला आवश्यक असा आधार विल्यम लबॉव यांनी पुरविलेला आहे. लबॉव आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीतील किशोरांच्या बोलीचा अभ्यास केला. त्या काळी अमेरिकन शिक्षणशास्त्रात असे एक मत प्रबळ होते, की गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या घरी भाषेचा दुष्काळ असतो. म्हणून ती मुले शाळेत एकेका शब्दात उत्तरे देतात. १९६९ साली प्रमाणेतर इंग्रजीच्या तर्कशुद्धतेवर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लबॉव यांनी या मताचा जो प्रतिवाद केला, त्यातील एक प्रसंग येथे विशेष प्रस्तुत आहे.

आठ वर्षांचा एक मुलगा मुलाखतीस बसला होता. मुलाखत घेणारे क्लॅरन्स रॉबिन्स स्वतः कृष्णवर्णीय, हार्लेममध्येच वाढलेले आणि त्या वस्तीची खडान्‌खडा माहिती असलेले गृहस्थ होते. एवढे असूनही मुलगा ‘हो’, ‘नाही’, ‘ठाऊक नाही’ यांपलीकडे फारसा गेला नाही. पुढच्या भेटीत रॉबिन्स यांनी बटाट्याच्या काचऱ्यांचे पुडे आणले, मुलाच्या जिवलग मित्रास सोबत घेतले, स्वतः खुर्ची सोडून जमिनीवर बसले आणि मोठ्यांसमोर उच्चारू नयेत असे शब्द व विषय बोलण्यात आपण होऊन आणले. त्याबरोबर तोच मुलगा मित्राच्या बोलण्यावर कडी करीत, त्याला मध्येच अडवीत, भरभरून बोलू लागला.

या प्रसंगाचा अर्थ लावताना बहुतेक वाचकांची दृष्टी दुसऱ्या भेटीवर खिळते. वस्तुतः अधिक महत्त्वाची आहे ती पहिली. मुलाखतकार मुलाच्याच वर्णाचा व वस्तीचा असला म्हणजे संवाद आपोआप घडतो, हा समज पहिल्या भेटीने खोटा ठरविला. वर्ण तोच, वस्ती तीच, बोली तीच. तरीही मौन कायम राहिले. कारण मोठा माणूस विचारतो आणि लहानाने उत्तर द्यावयाचे, आणि ते उत्तर उद्या आपल्यावरच उलटू शकते, ही सत्तेची मांडणी जशीच्या तशी होती. ही मांडणी मोडली तेव्हाच मौन सुटले. तात्पर्य, मौन हा त्या मुलाचा गुणधर्म नसून त्या परिस्थितीचा होता. तेव्हा समान वर्णाचा समुपदेशक नेमला की समुदायाचे कार्य संपले, असे मानणाऱ्या आजच्या उपक्रमांनी ही पहिली भेट पुनःपुन्हा वाचावी.

लबॉव यांच्या दुसऱ्या एका संशोधनाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हार्लेममधील किशोर एकमेकांच्या आईबापांवरून, दारिद्र्यावरून अतिशयोक्त उखाळ्यापाखाळ्या काढण्याचा जो खेळ खेळतात, त्याचे नियम लबॉव यांनी १९७२ साली मांडले. आरोप उघडपणे असत्य असावा, उत्तर त्याहून वरचढ असावे, आणि कोणीही आरोप खरा मानून त्याचा इन्कार करू नये. इन्कार केला की खेळ संपतो व भांडण सुरू होते. खेळाचे नियम जाणणाऱ्यास येथे शब्दप्रभुत्व, आत्मसंयमन आणि श्रोतृवृंदाचे भान दिसते. न जाणणाऱ्यास केवळ आक्रमकता. वर्तनविकाराचे निदान करणारा वैद्य या दोहोंपैकी कोणत्या स्थानी उभा आहे, हे म्हणूनच आधी ठरले पाहिजे.

३

किशोरांपर्यंत मानसोपचार नेण्याचा प्रयत्न हार्लेममध्ये लबॉव यांच्याही पूर्वी, १९४६ साली झाला होता. त्या एकाच वर्षी तेथे दोन संस्था निघाल्या. मेमी क्लार्क व केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र स्थापन केले. दुसरी संस्था लाफार्ग क्लिनिक ही होय. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कादंबरीकार रिचर्ड राइट यांच्या पाठबळाने सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चच्या तळघरात हे चिकित्सालय उघडले. संध्याकाळी, आठवड्यातून दोन वेळा, स्वयंसेवक वैद्य तेथे बसत. शुल्क २५ सेंट होते आणि तेही ज्याला परवडेल त्याने द्यावे असा प्रघात होता. गौरवर्णीयांसही मज्जाव नव्हता. हे चिकित्सालय १९५८ साली बंद पडले.

लाफार्गविषयी राल्फ एलिसन यांनी १९४८ साली लिहिलेला आणि १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला ‘हार्लेम इज नोव्हेअर’ हा निबंध या विषयावरील पहिले गंभीर समीक्षात्मक लेखन म्हणावे लागेल. हार्लेममध्ये कोणी ‘कसे काय?’ असे विचारले असता आपण ‘कुठेच नाही’ अशा अर्थाचे उत्तर मिळते, हे एलिसन यांनी नोंदविले आणि त्यावरूनच निबंधाला शीर्षक दिले. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची आहे. कुशलप्रश्न हा सर्व भाषांत आशयशून्य उपचार समजला जातो. त्याचे उत्तर ठराविक असते आणि त्यातून माहितीची देवघेव अपेक्षित नसते. हार्लेमवासीयांनी या रित्या साच्यात आपल्या स्थितीचे अचूक वर्णन भरले. दक्षिणेतील खेडे सुटले, उत्तरेतील नगराने आत घेतले नाही, अशा माणसाने आपला ठावठिकाणा ‘कुठेच नाही’ असा सांगावा, यात वैद्याने शोधावे असे लक्षण त्या माणसाने स्वतःच शब्दबद्ध केलेले आहे. ज्या समाजाच्या साध्या रामरामातून इतके सांगितले जाते तो समाज आपले दुःख बोलून दाखवीत नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. तो बोलत होता. प्रश्न ऐकणाऱ्याचा होता.

एलिसन यांच्या निबंधाचे दुसरे बल असे, की त्यांनी रोगाचे मूळ व्यक्तीच्या पोटात न शोधता व्यक्ती व समाजव्यवस्था यांच्या तुटलेल्या संबंधात शोधले. या विचाराचे व्यावहारिक फळही दिसून आले. डेलावेअर राज्यातील शाळांमधील वर्णविभक्तीविरुद्धच्या खटल्यात वर्थम यांनी दोन्ही वर्णांची मुले लाफार्गमध्ये तपासून १९५१ साली साक्ष दिली. तळघरातील बोलणे न्यायालयापर्यंत पोचले. समुदायाधिष्ठित उपचार म्हणजे रुग्णास परिस्थितीशी जुळवून घेण्यास शिकविणे एवढेच नसते, हे या एका कृतीने सिद्ध केले.

४

परंतु याच चिकित्सालयाच्या इतिहासात एक दुसरा अध्यायही आहे आणि समीक्षकाने तो वगळता कामा नये. १९५४ साली वर्थम यांनी चित्रकथांची मासिके मुलांना बिघडवितात असे प्रतिपादन करणारा ‘सिडक्शन ऑफ द इनोसन्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मुलांच्या उद्गारांपैकी पुष्कळसे लाफार्ग व अन्य चिकित्सालयांत आलेल्या मुलांचे होते. वर्थम यांची कागदपत्रे २०१० साली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांस खुली झाली. त्यांच्या आधारे कॅरल टिली यांनी २०१२ साली दाखवून दिले, की वर्थम यांनी मुलांच्या उद्गारांत फेरफार केले होते. दोघांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते. आणि मुलांच्या आयुष्यातील ज्या गोष्टी प्रतिपादनास अडचणीच्या होत्या त्या गाळल्या होत्या.

वर्थम यांचा हेतू दुष्ट नव्हता. हिंसेपासून मुलांचे रक्षण करावे असेच त्यांस वाटत होते. म्हणूनच हे उदाहरण अधिक विचारार्ह आहे. हार्लेमच्या मुलास बोलावयास जागा मिळाली, तो बोललाही. परंतु त्याच्या बोलण्याची नोंद दुसऱ्याच्या हाती होती आणि ती नोंद दुसऱ्याच्या सिद्धांतासाठी वाकविली गेली. मौन सुटण्याने काम संपत नाही. सुटलेल्या शब्दांचा मालक कोण, ते कोणाच्या वाक्यरचनेत कागदावर उतरतात, आणि बोलणाऱ्यास ती नोंद वाचून ‘मी असे म्हटले नव्हते’ असे म्हणण्याची सोय आहे काय, हे प्रश्न त्यानंतर उरतात. शाळेतील समुपदेशकाची नोंद शिस्तीच्या कार्यालयात अथवा पोलिसांकडे जाईल अशी शंका ज्या मुलास येते, त्याच्या मौनास रोग म्हणता येत नाही. ती सावधगिरी होय.

५

‘समुदाय’ हा शब्दही तपासून पाहणे अगत्याचे आहे. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या स्वाक्षरीने अमेरिकेत सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीत समुदाय म्हणजे ७५ हजार ते २ लाख लोकवस्तीचा एक भूभाग, अशी प्रशासकीय व्याख्या रूढ झाली. भाषाविज्ञानात मात्र भाषिक समुदाय भूमीवरून ठरत नाही. लबॉव यांच्या मते एकसारखे बोलणाऱ्यांचा समुदाय होतो असेही नव्हे; बोलण्याविषयीच्या समान मूल्यमापनात सहभागी असणारे, म्हणजे कोठे काय बोलावे व कशाला काय अर्थ द्यावा याविषयी ज्यांचे संकेत एक आहेत, ते एक समुदाय होत. या व्याख्येने पाहिल्यास एकाच इमारतीतील समुपदेशक व किशोर हे दोन भिन्न समुदायांचे घटक असू शकतात.

लॅटिनो मुलाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. स्थलांतरित कुटुंबात पुष्कळदा मुलगा हाच घरचा दुभाषी असतो. आईचे दुखणे डॉक्टरास इंग्रजीत आणि डॉक्टरचे निदान आईस स्पॅनिशमध्ये तोच सांगतो. वयास न शोभणारी वार्ता त्याच्या जिभेवरून जाते. आरोग्यसेवेत अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून राबवू नये, आणीबाणीचा अपवाद सोडून, असा संघीय नियम २०१६ साली झाला, यावरून ही प्रथा किती पसरली होती याची कल्पना येते. आता हाच मुलगा स्वतः खिन्नतेने ग्रासला तर त्याची अवस्था काय होते? स्वतःच्या वेदनेचे भाषांतर आईस करून सांगण्याचे काम पुन्हा त्याच्याकडेच येते. असा मुलगा गप्प राहिला तर त्यास दोन भाषा येत असूनही बोलावयास एकही उरलेली नाही, असा त्याचा अर्थ संभवतो.

या अवस्थेची जाण असलेले उपक्रम झाले आहेत. फोर्डम विद्यापीठाशी संबंधित कोस्तान्तीनो, मॅलगेडी व रोग्लर यांनी न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन मुलांसाठी लोककथांचा, म्हणजे स्पॅनिशमधील ‘कुएन्तो’ यांचा, उपचारात उपयोग केला व त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध केले. किशोरांसाठी त्यांनी प्वेर्तो रिकन थोर व्यक्तींची चरित्रे योजिली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या प्रयोगाचे परिणाम मात्र घरात वडील आहेत की नाहीत यानुसार भिन्न आढळले. संस्कृती हे सर्वांस सारख्या मात्रेने लागू पडणारे औषध नव्हे, हा त्यातून मिळणारा धडा होय. १९८८ साली सुरू झालेल्या नॅशनल कॉम्पाद्रेस नेटवर्कच्या ‘होवेन नोब्ले’ या उपक्रमात मुलगे व वडीलधारी पुरुष वर्तुळाकार बसतात, आणि ‘पालाब्रा’ या शब्दाला तेथे केंद्रस्थान आहे. स्पॅनिशमधील ‘पालाब्रा’ आणि मराठीतील ‘शब्द’ यांचे अर्थक्षेत्र येथे विलक्षण जुळते: उच्चारलेला शब्द आणि दिलेला, पाळावयाचा शब्द. या द्व्यर्थामुळे बोलणे हे दुबळेपणाचे लक्षण न राहता जबाबदारीचे कृत्य ठरते. उपचाराची परिभाषा बाहेरून न आणता समुदायाच्या कोशातून घेतली म्हणजे काय साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे. मात्र न्यूयॉर्कमध्ये जन्मून मुख्यतः इंग्रजीच बोलणाऱ्या लॅटिनो मुलास हाच शब्द पाहुण्यासारखा वाटू शकतो, याचेही विस्मरण होऊ नये.

६

समकालीन उपक्रमांत शिकागो येथील ‘बिकमिंग अ मॅन’ हा सर्वांत अधिक अभ्यासिला गेलेला उपक्रम आहे. यूथ गायडन्स या संस्थेत अँथनी रामिरेझ-दि व्हित्तोरिओ यांनी २००१ साली तो सुरू केला. शाळेच्याच वेळात, आठवड्यातून एकदा, मुलांचा लहान गट समुपदेशकासह बसतो. त्यातील एक खेळ असा: दोन मुलांची जोडी करतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याने तीस सेकंदांत तो मिळवावा असे सांगतात. बहुतेक सर्व मुले बळ वापरतात. बोटे पिळतात, ढकलाढकली करतात. चेंडू नुसता मागून का पाहिला नाही, असे नंतर विचारले जाते. मागितले असते तर समोरच्याने आपणास भित्रा समजले असते, असे उत्तर येते. मग समोरच्यास विचारतात, आणि तो सांगतो की मागितला असता तर दिला असता.

हा खेळ मानसशास्त्रज्ञ विचारांना सवड देण्याचा पाठ म्हणून समजावून देतात. भाषिक दृष्टीने त्यात आणखी काही आहे. ‘मागणे’ ही एक भाषिक कृती आहे आणि तिची किंमत वक्त्याच्या अंदाजावर ठरते. येथे प्रत्येक मुलगा दुसऱ्याच्या मनातील अर्थाविषयी अंदाज बांधतो, तो अंदाज दोघांचाही सारखाच चुकीचा असतो, आणि कोणीच बोलून तो पडताळून पाहत नाही. मौन दोघांच्या मध्ये उभे असते. ते कोणा एकाच्या आत नसते. लबॉव यांच्या प्रसंगाने जे दाखविले, ते या खेळाने मुलांनाच स्वतःच्या अनुभवाने शिकविले आहे. हे या उपक्रमाचे खरे यश होय.

मात्र हे यश ज्या मापाने मोजले गेले ते माप निराळे आहे. शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅबशी संबंधित अभ्यासकांनी उपक्रमाचे यादृच्छिक निवडीने परीक्षण केले. पहिल्या परीक्षणात १८ शाळांतील २,७४० मुलगे होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांवरून होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या आणि पहिल्या परीक्षणातील मुलांत शालान्त उत्तीर्णतेचे प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढले. आकडे भक्कम आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वाचलेली अटक म्हणजे एका मुलाचे वाचलेले आयुष्यही असते. तरीही मुख्य माप अटकेचे असावे, हे पुरेसे बोलके आहे. मुलगा समाजास किती उपद्रव देतो हे मोजले गेले. मुलास किती दुःख होते हे त्या तोडीने मोजले गेले नाही. जो मुलगा कोणावर हात उगारीत नाही, पोलिसांच्या वहीत ज्याचे नाव येत नाही, आणि जो एके दिवशी स्वतःलाच संपवितो, तो या हिशेबात मुळीच दिसत नाही. प्रारंभी उद्धृत केलेली आत्महत्येची आकडेवारी अशाच अदृश्य मुलांची आहे. उपद्रव म्हणून वाचण्याची जी खोड निदानात होती, ती मूल्यमापनातही शिरली, असे खेदाने म्हणावे लागते.

७

यावर एक आक्षेप संभवतो. मौन परिस्थितीचे आहे असे म्हटल्याने आजार खरा असतो हे नाकारले जात नाही काय? तसे नाही. खिन्नता हा आजार आहे आणि त्यास औषध व प्रशिक्षित वैद्य यांची आवश्यकता असते. लोरेन्झो लुइस यांनी २०१६ साली आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे सुरू केलेल्या ‘कन्फेस प्रोजेक्ट’मध्ये नाभिकांना लक्षपूर्वक ऐकण्याचे व गिऱ्हाइकास योग्य उपचाराकडे वळविण्याचे शिक्षण दिले जाते. केशकर्तनालयातील बोलणे समोरासमोर न होता आरशातून होते, हात कामात असतात, आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही. म्हणून ती जागा बोलण्यास अनुकूल आहे. परंतु नाभिक हा उंबरठा आहे, घर नव्हे. उंबरठा बांधून दिला म्हणून शासनाने घर बांधण्याची जबाबदारी टाळली, तर समुदायाचे नाव काटकसरीचे निमित्त होऊन बसेल. लाफार्गमध्ये तळघर समुदायाचे होते, पण बसलेले वैद्य होते, हे विसरता येत नाही.

एकंदरीत अशा कोणत्याही उपक्रमास तीन कसोट्या लावता येतील. पहिली, बोलण्याची सुरुवात व विषय ठरविण्याचा अधिकार मुलाकडे किती आहे. दुसरी, त्याच्या बोलण्याची नोंद कोणाच्या हाती राहते आणि ती तपासण्याची मुभा त्यास आहे काय. तिसरी, यशाचे माप त्याच्या वेदनेशी संबद्ध आहे की इतरांच्या सोयीशी. लाफार्ग पहिल्या कसोटीस बरेचसे उतरले आणि दुसऱ्या कसोटीत पडले. शिकागोचा उपक्रम पहिलीत उत्तम उतरतो, तिसरीत उणा पडतो. तीनही कसोट्यांस उतरणारा उपक्रम उभारणे अशक्य नाही. परंतु त्यासाठी मुलाच्या मौनाचे निदान करण्यापूर्वी त्यास प्रश्न विचारणाऱ्या परिस्थितीचे निदान करावे लागेल. हार्लेमच्या रस्त्यावर ‘कसे काय?’ या प्रश्नास १९४८ सालीही खरे उत्तर मिळत होते. ते ऐकण्यासाठी विचारणाऱ्याने क्षणभर थांबणे तेवढे आवश्यक होते.